गिरणगावातील खाणावळ आणि स्त्रियांच्या श्रमाची गणना

महाराष्ट्रातील स्त्री-चळवळीचा इतिहास बहुधा शिक्षण, विधवाविवाह, संमतिवय आणि मतदानाचा हक्क या टप्प्यांनी सांगितला जातो, आणि त्याचे मध्यवर्ती सूत्र ‘स्त्री घराबाहेर पडली’ असे असते. पुण्यातील किंवा गिरगावातील पांढरपेशा कुटुंबांना हे सूत्र बऱ्याच अंशी लागू पडते. परंतु लालबाग, परळ, शिवडी, वरळी, चिंचपोकळी, डिलाईल रोड या भागांनी बनलेल्या मुंबईच्या गिरणगावाला ते लावता येत नाही. तेथील स्त्री पहिल्या पिढीपासून कष्ट करून पैसे मिळवत होती. कधी गिरणीच्या खात्यात, तर कधी दहा बाय दहाच्या खोलीतील चुलीपुढे. तिच्या बाबतीत खरा प्रश्न होता तो यांपैकी कोणते श्रम काम म्हणून मोजले जावेत आणि ते कोणी मोजावेत, हा. गिरणगावातील स्त्री-चळवळीचे यश आणि अपयश या प्रश्नाच्या आधारेच जोखले पाहिजे.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची सूतगिरणी 1856 मध्ये ताडदेव येथे सुरू झाली, आणि पुढील काही दशकांत मुंबई हे कापडधंद्याचे मोठे केंद्र बनले. या गिरण्यांमध्ये स्त्रिया प्रामुख्याने रिलिंग आणि वाइंडिंग या खात्यांत, म्हणजे तयार सुताच्या लडी करणे आणि ते बॉबिनवर गुंडाळणे या कामांवर असत. पगार महिन्याच्या ठराविक दराने नव्हे, तर केलेल्या कामाच्या वजनावर मिळे. त्यामुळे सूत कच्चे निघाले किंवा पुरवठा थांबला, तर त्याचा तोटा बाईच्याच पदरी येई. भरती, हजेरी आणि कामाची वाटणी ‘नायकीण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुकादमिणीच्या हाती असे, आणि तिची मर्जी राखण्यासाठी पगारातील काही हिस्सा तिला द्यावा लागे. 1920 च्या दशकात गिरणी कामगारांपैकी साधारण एक पंचमांश स्त्रिया होत्या. त्यांत विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या बायका मोठ्या संख्येने होत्या. गावी जमिनीत वाटा नाही आणि माहेरी फार दिवस राहता येत नाही, अशा स्थितीत मुंबईची गिरणी हाच त्यांचा आधार होता. म्हणजे ज्या काळात सुशिक्षित समाज विधवेच्या पुनर्विवाहावर वाद घालत होता, त्याच काळात कोकणातील आणि घाटावरील शेकडो विधवा कोणाच्या परवानगीची वाट न पाहता मजुरी करून मुलेबाळे वाढवत होत्या.

सरकारने या स्त्रियांची दखल प्रथम घेतली ती संरक्षणाच्या भाषेत. 1881 चा पहिला कारखाना कायदा केवळ मुलांपुरता होता. 1891 च्या दुरुस्तीने स्त्रियांच्या कामाची मर्यादा दिवसाला अकरा तास ठरवण्यात आली आणि त्यांच्या रात्रीच्या कामावर बंधन आले. पुढे मुंबई सरकारने गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाच्या स्थितीची पाहणी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरकडून करवून घेतली. 1922 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतून तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देण्याची प्रथा किती सर्रास होती हे पुढे आले. या प्रथेकडे आयांच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून बोट दाखवले गेले. वस्तुतः दहा तास खात्यात उभ्या राहणाऱ्या बाईला मूल सांभाळणारे कोणी नसताना त्याला दिवसभर झोपवून ठेवण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता, आणि हा दोष आईचा नसून पाळणाघराविना चालणाऱ्या कारखान्याचा होता.

बाळंतपणाच्या रजेची मागणी याच परिस्थितीतून आली. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले विधेयक नामंजूर झाले; त्यानंतर मुंबई प्रांताच्या विधिमंडळात असे विधेयक आले आणि 28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा हे मान्य केले तरी बाईच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकाला त्यातून मोकळे सोडता येणार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. 1929 मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला आणि कारखान्यातील स्त्रीला काही आठवड्यांच्या भत्त्यासह रजेचा हक्क मिळाला. भारतात असा कायदा प्रथम करण्याचा मान मुंबईकडे जातो, तर सबंध देशासाठी प्रसूती लाभ कायदा येण्यास 1961 साल उजाडावे लागले. मूल जन्माला घालणे ही केवळ कुटुंबाची खासगी बाब नसून तिचा खर्च उद्योगानेही सोसला पाहिजे, हे तत्त्व येथे प्रथमच कायद्याच्या भाषेत आले, आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

तथापि, याच काळापासून गिरणीतील स्त्रियांची संख्या घटू लागली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस मालकांनी ‘रॅशनलायझेशन’, म्हणजे कमी माणसांकडून अधिक यंत्रे चालवून घेण्याची पद्धत, आणण्यास सुरुवात केली आणि तिचा पहिला घाव रिलिंग-वाइंडिंग खात्यांवर पडला. गिरण्या दोन आणि पुढे तीन पाळ्यांत चालू लागल्यावर रात्रपाळीला बंदी असलेली बाई मालकाला अडचणीची वाटू लागली. बाळंतपणाचा भत्ता आणि पाळणाघराचा खर्च ही कारणे त्यात मिळाली. कायदे वाईट होते असा याचा अर्थ नाही. संरक्षण देणाऱ्या कायद्याला नोकरी टिकवण्याच्या हमीची जोड नव्हती, हे त्यातील वैगुण्य होते. यापेक्षा अधिक खेद वाटतो तो कामगार संघटनांच्या भूमिकेचा. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गिरणीतील बायकांना संघटित केले होते; 1928 च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात आणि त्यानंतरच्या लढ्यांत स्त्रिया आघाडीवर होत्या. असे असूनही संघटनांची मुख्य मागणी ‘कुटुंबाला पुरेल असा पगार’ हीच राहिली, आणि त्या मागणीच्या पोटात पुरुष हा पोशिंदा आणि बायको ही त्याच्यावर अवलंबून, ही कल्पना गृहीत होती. त्यामुळे खाती बंद होऊन बायका घरी बसवल्या गेल्या तेव्हा पुरुषांच्या नोकऱ्यांसाठी जेवढी झुंज झाली तेवढी त्यांच्यासाठी झाली नाही, आणि 1970 च्या दशकापर्यंत कापडगिरणीतील स्त्री-कामगार नगण्य संख्येवर आली.

गिरणीतून बाहेर पडलेली, किंवा गिरणीत कधी शिरूच न शकलेली बाई रिकामी बसली नाही. मुंबईत कामाला येणारा पुरुष बहुधा एकटा येई; रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेला कामगार बायको-मुलांना गावच्या शेतीवर ठेवी आणि दरमहा मनीऑर्डर पाठवी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक होती, यावरून या एकट्या पुरुषांच्या वस्तीची कल्पना येते. काही जण गावमंडळाच्या खोलीत, म्हणजे एकाच गावच्या लोकांनी वर्गणी काढून घेतलेल्या सामायिक खोलीत राहत; काही एखाद्या कुटुंबाच्या घरी पथारीपुरती जागा घेत. या सर्वांना दोन वेळचे जेवण लागे, आणि ते पुरवणारी व्यवस्था म्हणजे खाणावळ.

या खाणावळीला दुकान नसे, पाटी नसे आणि परवानाही नसे. चाळीतील ज्या खोलीत कुटुंब झोपे, त्याच खोलीत दहा-पंधरा, क्वचित त्याहूनही अधिक माणसांचे जेवण रांधले जाई. गिरणीच्या तीन पाळ्या साधारण सकाळी सात, दुपारी साडेतीन आणि मध्यरात्री बदलत. त्यामुळे खाणावळवालीचा दिवसही तीन पाळ्यांचा होई, फक्त त्या तिन्ही तिलाच भराव्या लागत. पहाटे चारला उठून सार्वजनिक नळावर पाणी भरायचे, पहिल्या पाळीच्या माणसांचे डबे सातच्या आत तयार करायचे, त्यानंतर रेशनच्या आणि रॉकेलच्या रांगेत उभे राहायचे, दुपारी परतणाऱ्यांना ताटे वाढायची आणि मध्यरात्री सुटणाऱ्यांसाठी भात-आमटी झाकून ठेवायची, असा तो क्रम होता. जेवणाचे पैसे महिन्याच्या पगारानंतर मिळत. गिऱ्हाईक गावी गेले किंवा जेवले नाही तर त्या दिवसाचा ‘खाडा’, म्हणजे वजावट, धरावी लागे. परंतु त्या दिवशी रांधलेले अन्न वाया जाई, त्याचा खाडा किराणा दुकानदार मात्र धरत नसे. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, आणि कोणाचे किती दिवस भरले, कोणाची मागील महिन्याची बाकी किती, हा सारा हिशेब त्या तोंडीच ठेवत.

खाणावळीला जातीच्याही मर्यादा होत्या. गिरणीत विणकाम खात्याचे दरवाजे अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना बंद होते, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यामुळे विटाळ होतो असे सवर्ण कामगार मानत; डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. जेवणाच्या पंगतीतही हीच भिंत होती. दलित स्त्रीच्या हातचे अन्न सवर्ण कामगार घेत नसल्यामुळे तिच्या खाणावळीची गिऱ्हाइके तिच्याच समाजापुरती आणि गाववाल्यांपुरती मर्यादित राहत, आणि मिळकतही त्याच मानाने कमी असे. स्त्रियांच्या श्रमाचा विचार करताना ही विषमता वगळली, तर गिरणगावाचे चित्र अर्धेच राहते.

या धंद्याचे भांडवल उधारीवर उभे होते. धान्य, तेल आणि मसाला किराणा दुकानातून उधार येई, आणि महिनाअखेरीस ओढाताण झाली की सावकाराकडून जबर व्याजाने कर्ज काढले जाई. नवऱ्याची नोकरी गेली, तो आजारी पडला किंवा व्यसनी निघाला, तर या खाणावळीच्या मिळकतीवरच घर चाले. तरीही जनगणनेत ती गृहिणी होती, कामगार संघटनेच्या लेखी कामगाराची बायको होती आणि खुद्द घरातही ‘चार माणसांचं जेवण करते’ एवढीच तिच्या उद्योगाची ओळख होती.

1972 मध्ये दुष्काळ, धान्यटंचाई आणि महागाई यांनी शहरी गरिबांचे कंबरडे मोडले, तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांसारख्या वेगवेगळ्या पक्षांतील नेत्या तिच्यात एकत्र आल्या आणि हजारो स्त्रिया लाटणी व थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. या लाटणे मोर्चांकडे काहींनी गृहिणींच्या तक्रारीपुरते पाहिले. परंतु स्वयंपाकघराचा खर्च हा राज्यकारभाराचा विषय आहे, आणि तो खर्च भागवणारी बाई त्याबद्दल मंत्र्याला जाब विचारू शकते, हे त्यांनी प्रस्थापित केले. त्या काळी रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचेच नाव असे. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झालेली घरातील ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख मानली जाईल असे ठरवले. या तरतुदीमागे रेशनच्या रांगांत गेलेल्या कित्येक पिढ्यांचे कष्ट आहेत.

1974 च्या सुरुवातीस गिरणी कामगारांचा 42 दिवसांचा संप झाला. संपात पगार नव्हता, पण भूक होती, आणि खाणावळवाल्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना उधारीवर जेवू घातले. संप चालवण्यात संघटनेच्या निधीइतकाच या उधारीचा वाटा होता. संप संपल्यावर मात्र कर्जाचा डोंगर या बायकांवर राहिला, आणि अनेकींना अंगावरचे दागिने व घरातील भांडी विकावी लागली. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि गिरणी कामगारांच्या चळवळीत वावरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी ही स्थिती जवळून पाहिली आणि 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. 1969 मध्ये मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि 1972 पासून अत्यंत गरीब कर्जदारांना तारणाशिवाय चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची ‘विभेदक व्याजदर’ योजना कागदावर आलेली होती. खाणावळवाल्यांना त्या योजनेचा लाभ घेता येईल, हे प्रेमाताईंनी ओळखले. बँकेपुढील अडचण सरळ होती: या बायकांकडे दुकान नव्हते, हिशेबाची वही नव्हती, सही करता येत नव्हती, आणि स्वयंपाक हा व्यवसाय आहे हे कोणी मान्य केलेले नव्हते. एकीने दुसरीची हमी घ्यायची, अशा गटपद्धतीने हा अडसर दूर करण्यात आला आणि पहिल्या टप्प्यात चौदा जणींना प्रत्येकी 1,500 रुपयांचे कर्ज मिळाले. पुढे ही संख्या हजारोंवर गेली.

या कर्जाने व्याज वाचले, ही गोष्ट मोठी होतीच. परंतु बाईच्या स्वतःच्या नावाने बँकेत खाते उघडले गेले, तिची सही किंवा अंगठा ग्राह्य धरला गेला आणि ‘व्यवसाय’ या रकान्यात प्रथमच ‘खाणावळ’ असे लिहिले गेले, याचे परिणाम घरात अधिक दूरवर पोचले. ज्या कामाला नवरा आणि दीर ‘घरचंच काम’ म्हणत, त्यालाच सरकारी बँकेने उद्योग मानले होते. मुलीची शाळा, खोलीची दुरुस्ती, आजारपणाचा खर्च यांबाबतच्या निर्णयांत तिचा शब्द पूर्वीपेक्षा अधिक ऐकला जाऊ लागला. मारहाण थांबली किंवा घरकामाची वाटणी झाली, असे मात्र म्हणता येणार नाही. खाणावळीचा व्याप वाढला तसे काम वाढले, आणि वाढलेल्या कामाला हातभार बहुधा घरातील मुलीचाच लागला.

1975 हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते, आणि त्याच वर्षी मुंबईत स्त्री मुक्ती संघटना स्थापन झाली. 1974 च्या अखेरीस आलेल्या ‘समतेकडे’ या केंद्रीय समितीच्या अहवालाने स्त्रियांचा रोजगारातील वाटा कमी होत असल्याचे दाखवून दिले होते. समान कामासाठी समान वेतनाचा कायदा 1976 मध्ये झाला. मथुरा बलात्कार खटल्याच्या निकालाविरुद्ध उठलेल्या आंदोलनानंतर 1983 मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला, त्याच वर्षी नवऱ्याकडून व सासरकडून होणारा छळ हा फौजदारी गुन्हा ठरला, आणि ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक त्या सुमारास गावोगाव पोचले. 1994 मध्ये महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क दिला आणि राज्याचे पहिले महिला धोरण जाहीर केले. या सर्वांचा गिरणगावातील घरांवर परिणाम झाला, पण तो सारखा झाला नाही. जिच्या सासर-माहेराकडे वाटणी करण्याजोगी मालमत्ताच नव्हती तिला वारसाहक्कापेक्षा कर्ज आणि पाणी अधिक महत्त्वाचे होते.

दरम्यान शहराच्या दुसऱ्या भागात मध्यमवर्गीय स्त्रिया बँका, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांत मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या होत्या. त्यांच्या घरातील स्वयंपाक पुरुषांनी वाटून घेतला असे क्वचितच घडले. तो पोळी-भाजी केंद्रांकडे आणि पोळ्या करणाऱ्या बाईंकडे गेला. दादरसारख्या भागात अशी केंद्रे उभी राहिली, आणि अन्नपूर्णा मंडळानेही खाणावळीच्या जोडीला सामूहिक स्वयंपाकाचे उद्योग हाती घेतले. ही घटना स्त्री-चळवळीच्या इतिहासात पुरेशी तपासली गेलेली नाही, आणि ती तपासली जायला हवी: एका स्त्रीच्या नोकरीला जागा मिळाली ती दुसरीने कमी मजुरीत तिचे काम अंगावर घेतल्यामुळे, आणि या सगळ्या फेरवाटपात पुरुषाचा वाटा जवळजवळ होता तसाच राहिला. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत हेच आकड्यांनी दिसते: विनामोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे, आणि मुळात असे काम करणारे पुरुष चारांत सुमारे एकच होते.

इकडे गिरणगावात 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो कधीही औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, कामगार गावी परतले, आणि त्यांच्याबरोबर खाणावळींची गिऱ्हाइकेही गेली. 1974 प्रमाणे याही वेळी उधारी झाली, पण या वेळी ती फेडणारे परत आले नाहीत. गिरणगावातील घरे या काळात तगली ती बायकांच्या धुणी-भांड्यांवर, शिवणकामावर, पापड-मसाल्यावर आणि घरगुती डब्यांवर. ‘कुटुंबाला पुरेल असा पगार’ मिळवणारा पोशिंदा नाहीसा झाला, तेव्हा तोवर न मोजलेल्या श्रमावरच कुटुंब उभे आहे हे स्पष्ट झाले. 1988 मध्ये इला भट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ‘श्रमशक्ती’ अहवालात अशा स्वयंरोजगारी व असंघटित स्त्रियांच्या श्रमाची नोंद घेतली, आणि 1991 च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात शेतीवरील किंवा कौटुंबिक उद्योगातील विनावेतन कामाचा प्रथमच स्पष्ट उल्लेख आला. स्त्री-चळवळीच्या सततच्या आग्रहाशिवाय हे शब्द त्या फॉर्मवर आले नसते.

मोजदादीचे काम मात्र अपुरेच राहिले आहे. बंद गिरण्यांच्या जमिनींवरील घरांसाठी शासनाने जी योजना आखली, तिच्यात 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असलेला कामगार, अथवा त्याचा वारस, पात्र ठरला. रिलिंग-वाइंडिंग खात्यांतून त्याआधीच काढल्या गेलेल्या स्त्रिया आणि संपकाळात कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या कोणत्याच हजेरीपटावर नव्हत्या, आणि म्हणून त्या श्रमाच्या बळावर त्यांना घराचा हक्क मिळाला नाही.